पोलादाची साल आणि तीन मिनिटं

अडीच मिनिटं संपली होती आणि मी अजून भट्टीतच होते. भट्टीतून स्लॅब बाहेर काढायचा होता, त्याच्यावर पाणी मारायचं होतं, माझ्या इतक्या वर्षांच्या संशोधनाचा निष्कर्ष सांगायचा होता. समोर ट्रेसीनं फोन उंच धरून तीस सेकंद उरल्याची खूण केली. मी आवाज चढवला. उजव्या हाताचं बोट आपोआप छताकडे गेलं. "अँड धिस, डिअर फ्रेंड्स, इज अवर रिअल एनिमी," असं मी गरजले आणि फोन वाजला. वेळ संपली. शत्रू कोण, ते सांगायचं राहूनच गेलं.

ट्रेसी आमच्या हॅमिल्टनच्या युनिव्हर्सिटीत ग्रॅज्युएट ऑफिसमध्ये होती. पीएचडी करणाऱ्यांना माणसांत बोलायला शिकवणं हे तिचं काम. त्याआधी ती हायस्कूलमध्ये नाटक शिकवायची. तिच्या शेजारी माझी गाइड फियोना बसली होती. 

ट्रेसी म्हणाली, "प्रज्ञा, दॅट वॉज पॉवरफुल. पण मला एक सांग, तुझं आणि पोलादाचं काही भांडण झालंय का?"

फियोना खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती.

ही तालीम होती तीन मिनिटांच्या स्पर्धेची. नियम सोपे. आपलं पीएचडीचं संशोधन तीन मिनिटांत सांगायचं. पडद्यावर एकच स्लाइड, तीही हलती नको. हातात काही वस्तू घ्यायची नाही. ऐकणारे आपल्या विषयातले नसतात. परीक्षकही त्या विषयातले नसतात. तीन मिनिटांच्या वर एक सेकंद गेला तरी बाद.

नाव दिलं तेव्हा मला वाटलं होतं, हा तर आपल्या हातचा मळ आहे. मी नागपूरची. आमच्या वस्तीत एप्रिलमध्ये जयंतीला स्टेज लागायचं आणि तिसरीत असल्यापासून मी दरवर्षी त्याच्यावर उभी राहत आले. माइक कधी चिरकायचा, कधी बंद पडायचा. पलीकडच्या गल्लीत डीजे सुरू असायचा. शेवटच्या रांगेतल्या आजीबाईंना ऐकू गेलं पाहिजे, एवढा एकच नियम होता. आवाज खालून वर न्यायचा, मध्येच थांबायचं, बोट उगारायचं, की टाळ्या. शाळा-कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धांचे कप आईनं फ्रिजवर ओळीनं मांडून ठेवले होते. आता ते सगळं सामान मी ट्रेसीच्या ऑफिसात उतरवलं. तिथे श्रोते दोन, आणि तेही हाताच्या अंतरावर.

आता माझं संशोधन काय होतं ते सांगते. तालमीत जमलं नाही, इथे जमतंय का बघू.

पोलादाचा पत्रा लाटून करतात. पोळीसारखाच, फक्त लाटायचा गोळा बसएवढा लांब असतो. त्याला स्लॅब म्हणतात. घराच्या स्लॅबशी त्याचा काही संबंध नाही. हा स्लॅब आधी भट्टीत लालबुंद तापवतात. तापलेल्या लोखंडाला हवा लागली की वर काळपट साल धरते. आमच्या धंद्यात तिला स्केल म्हणतात. लाटण्याआधी ती काढावी लागते, नाहीतर रोलरखाली पत्र्यात दाबली जाते आणि पत्र्यावर कायमचे डाग पडतात. म्हणून भट्टीच्या पुढे पाण्याचे जबरदस्त फवारे बसवलेले असतात. स्लॅब त्यांच्याखालून जातो आणि साल उडते.

पण ज्या पोलादात सिलिकॉन जास्त असतं, त्याची साल काही केल्या निघत नाही. तिच्या खाली काचेसारखा एक पातळ थर तयार होतो. भट्टीत तो वितळलेला असतो. बाहेर जरा थंड झाला की थिजतो आणि सालीला घट्ट धरून बसतो. मग पाणी कितीही मारा.

माझं म्हणणं साधं होतं. कारखान्यात वेळ वाचवायचा म्हणून स्लॅब थोडा आधीच भट्टीबाहेर काढून ठेवतात. पुढची रोलरची लाइन मोकळी होईपर्यंत तो तिथे उभा असतो. त्या उभं राहण्यातच थर थिजतो. तेव्हा निदान या जातीच्या पोलादासाठी लाइन मोकळी झाल्यावरच भट्टीचं दार उघडा. थर ओला असतानाच स्लॅब फवाऱ्याखाली जाऊ दे.

लॅबमध्ये हे मी सिद्ध केलं होतं. पण लॅबमधले माझे नमुने बिस्किटाएवढे. खऱ्या स्लॅबवर हे चालतं का, ते कारखान्यातच कळणार. आमच्या प्रोजेक्टमध्ये भागीदार असलेला एक कारखाना शहरातच होता आणि तिथल्या गरम विभागाचा मॅनेजर होता गॅरी. मी आणि फियोना त्याला तीन वर्षं ईमेल करत होतो. उत्तर दर वेळी तेच यायचं. व्हेरी इंटरेस्टिंग, लेट्स सर्कल बॅक, म्हणजे पुन्हा कधीतरी बोलू. मी त्याचा अर्थ 'नाही' असा घेतला होता. त्यात कळलं की या जातीचं पोलाद तिथे बंद होणार आहे. शेवटची ऑर्डर उन्हाळ्याआधी लागणार होती. ती हुकली की माझा शेवटचा चॅप्टर जन्मभर बिस्किटांवरच राहणार होता. खऱ्या स्लॅबवर जे कधी करूनच पाहिलं नाही, त्याला कारखान्यात कोण विचारणार?

घोडं तिथे पेंड खात होतं आणि मी इकडे भाषणाची तयारी करत होते. फियोनानंच आग्रह केला होता. म्हणाली, तुला लेखन येतं, पण तुझं काय म्हणणं आहे हे सांगता येत नाही. मला तेव्हा राग आला होता.

ट्रेसीनं मला पुढच्या भेटीत खुर्चीवर बसवलं. हात मांडीखाली ठेवायला लावले. "बोटं दिसता कामा नयेत," म्हणाली. "आणि माझ्या किचनमध्ये बसून कॉफी पीत असल्यासारखं सांग. हा थर असतो तरी कसा?"

मी म्हटलं, "चिक्कीसारखा."

"चिक्की काय?"

आता चिक्कीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला पटकन सुचेना. मी सांगू लागले. गुळाचा पाक करायचा, त्यात शेंगदाणे घालायचे, ताटात ओतायचं. गरम असतानाच वड्या पाडून सोडवल्या तर सोडवल्या. फोनवर बोलत बसलं की ताटाला अशी चिकटते की ताटच ठोकावं लागतं.

ट्रेसी उठून उभीच राहिली. "पीनट ब्रिटल! माझी आजी ख्रिसमसला करायची. दर वर्षी एक ट्रे फेकून द्यायला लागायचा." मग थांबून म्हणाली, "म्हणजे तुमच्या कारखान्यात लोक फोनवर बोलत बसतात?"

"साधारण तसंच."

"अगं, मग हे तू आधी का नाही सांगितलंस?"

खरं सांगते, त्या क्षणी अंगावर काटा आला. ट्रेसीला रसायनशास्त्राचा र माहीत नव्हता आणि तिला माझा शेवटचा चॅप्टर समजला होता. इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्यालाही तो समजला नव्हता. मी घरी जाताना बसमध्ये एकटीच हसत होते.

त्या शनिवारी किचनमध्ये चिक्कीचा कारखाना निघाला. मला फोटो हवा होता. अर्धी वडी अलगद सुटलेली, अर्धी ताटाला चिकटलेली. माझा नवरा निखिल नॉर्थ यॉर्कच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पण बहुतेक दिवस बेसमेंटमधूनच काम करतो. तो दर थोड्या वेळानं वर येऊन पुरावा खाऊन जायचा. शेवटी मी त्याला ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला पाठवलं, तेव्हा कुठे फोटो मिळाला. जुन्या स्लाइडवर पाच रंगांचा आलेख होता. तो काढून टाकताना जीव तुटला, पण काढला.

डिपार्टमेंटच्या फेरीत मी निवडली गेले. फियोनानं कॉरिडॉरमध्ये मला मिठी मारली. एरवी ती हस्तांदोलनाच्या पुढे जात नाही. फायनल शहरातल्या लायब्ररीच्या हॉलमध्ये होती, सगळ्यांसाठी खुली. मला झोप येईना. भीतीनं नव्हे. लहानपणी जयंतीच्या आदल्या दिवशी नवा ड्रेस उशाशी घेऊन झोपायचे, तसं होत होतं.

फायनलच्या आठवड्यात फियोना लॅबमध्ये आली आणि दार लोटून म्हणाली, "गॅरी येतोय."

"कुठे?"

"फायनलला. इंडस्ट्रीवाल्यांना आमंत्रण होतं. त्यानं यस कळवलंय. पुढच्या रांगेत बसेल."

माझ्या हातातला नमुना खाली पडला. सुदैवानं पोलादच होतं.

"मी त्याला विचारू?"

"स्टेजवरून? अजिबात नाही," फियोना म्हणाली. "ही स्पर्धा आहे, प्रज्ञा, सेल्स पिच नाही. परीक्षक मार्क कापतील. आणि माणसाला चारचौघांत असं कोंडीत पकडायचं नसतं. नंतर कॉफी घेताना सहज विषय काढू."

इथली रीत अशीच आहे. सगळं सहज काढायचं. मी मान डोलावली.

माझा शेवट ट्रेसीबरोबर बसून छान बेतला होता. डागी पत्रा पुन्हा वितळवावा लागतो, त्यात इंधन जातं, धूर होतो, तेव्हा एक साल वेळेवर काढली तर शहराची हवा थोडी सुधारेल, असं काहीसं. ट्रेसी म्हणायची, परीक्षकांना शेवट असा मोठा आवडतो. आदल्या संध्याकाळी मी किचनमध्ये निखिलसमोर उभी राहून सगळं म्हणून दाखवलं. हात खाली, आवाज खाली, वेळ बरोबर.

निखिल म्हणाला, "मस्त. समजलं बाप्पा मला. पहिल्यांदा समजलं. मग आता त्यानं काय करायचं?"

"कोणी?"

"तुझ्या त्या गॅरीनं. ऐकून घेऊन घरी जायचं का?"

"फियोना म्हणते, नंतर कॉफीवर."

"कॉफीवर काय म्हणशील?"

मी म्हटलं, "हेच, की आमच्या निष्कर्षांच्या संदर्भात भट्टीच्या एक्झिट पद्धतीत बदल करण्याच्या शक्यतेचा विचार करता आला तर..."

"तू मागून राहिली का माफी मागून राहिली?" निखिल म्हणाला. "जयंतीच्या भाषणात असं बोलली असतीस तर तुझ्या आईनं स्टेजवरून ओढून खाली आणलं असतं."

आणि हे मात्र खरं होतं. मी आवाज आठवला होता, बोट आठवलं होतं, टाळ्या आठवल्या होत्या. पण त्या भाषणांचा शेवट कसा व्हायचा ते विसरले होते. आमच्या वस्तीत भाषणाच्या शेवटी मागणी असायची. वाचनालयाला दोन कपाटं पाहिजेत. दहावीच्या पोरींना रात्री अभ्यासाला विहाराचा हॉल उघडा पाहिजे. समोर नगरसेवक बसलेला असो की ठेकेदार, त्याच्याकडे बघून मागायचं आणि खाली उतरायचं. मागितलं नाही तर लोक म्हणायचे, पोरगी बोलली चांगली, पण बोलली कशाला?

मी शहराची हवा कापून टाकली. तेवढ्या सेकंदांत तीन वाक्यं बसत होती.

हॉल भरला होता. मांडीवर जाड कोट घेतलेले म्हातारे, शाळेतली मुलं, बाळं घेऊन आलेल्या आया. परीक्षक तिघे: एक रेडिओवर बोलणारी बाई, एक बेकरीवाला, एक निवृत्त नर्स. पुढच्या रांगेत कडेला एक उंच, रुंद, पांढऱ्या दाढीचा माणूस हाताची घडी घालून बसला होता. फियोनानं लांबूनच भुवयांनी सांगितलं, तो.

घड्याळ सुरू झालं. मी हळू सुरुवात केली. "तुमच्यापैकी किती जणांनी पीनट ब्रिटल ट्रेला चिकटू दिलंय?" एक आजीबाई हात वर करून शेजारणीकडे बोट दाखवू लागल्या. हॉल हसला आणि माझी भीती पळाली. भट्टी आली, स्लॅब आला, साल आली. मी एकेका चेहऱ्याशी बोलत होते आणि चेहरे माझ्याबरोबर चालत होते. बेकरीवाला तर ट्रे म्हटलं की मान हलवायचा. इतकी मजा मला स्टेजवर कधी आली नव्हती. आवाज न चढवता माणसं ऐकतात, हे मला पस्तिशीत कळत होतं.

उरलेल्या सेकंदांचा आकडा समोर दिसत होता. मी बाजूला वळले आणि गॅरीकडे बघितलं.

"गॅरी, या पोलादाची शेवटची ऑर्डर तुमच्याकडे लागणार आहे. मला त्यातली एक शिफ्ट द्या. लाइन मोकळी होईपर्यंत भट्टीचं दार बंद ठेवा, बास."

 कोणीतरी मागून हसलं, मग सगळेच हसले, आणि वळून वळून गॅरी कोण ते बघू लागले. फियोनानं डोळे मिटून घेतले होते. गॅरीनं हाताची घडी सोडली नाही. घड्याळ शून्यावर गेलं तेव्हा मी पायऱ्या उतरत होते.

मला बक्षीस मिळालं नाही. तान्ह्या बाळांच्या ऐकण्यावर काम करणारा एक मुलगा पहिला आला आणि तो होताही तितका चांगला. रेडिओवाल्या बाईंनी मला नंतर सांगितलं, "वी लव्ह्ड यू. पण शेवट मीटिंगसारखा झाला." प्रेक्षकांच्या मतांचं बक्षीसही दुसऱ्याच कोणाला गेलं. ट्रेसी म्हणाली, शहराची हवा ठेवली असतीस तर तिसरी आली असतीस. वाईट वाटलं. नाही वाटलं म्हटलं तर खोटं होईल.

कॉफीच्या टेबलापाशी गॅरी आला. हातात कप, चेहऱ्यावर काही नाही. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते.

"दार बंद ठेवायचं," तो म्हणाला.

"हो."

"आणि?"

"आणि काही नाही. लाइन मोकळी झाली की उघडायचं."

"एवढंच हवं होतं तुला?"

"एवढंच."

 त्यानं फियोनाकडे बघितलं. "तीन वर्षं तुमच्या ईमेल वाचतोय मी. फर्नेस-एक्झिट मॉडिफिकेशन, फर्नेस-एक्झिट मॉडिफिकेशन. मला वाटलं, तुम्हाला नवी भट्टी हवीय."

फियोनाच्या कपातली कॉफी सांडली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग असं हसू फुटलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षं आम्ही त्याला नम्रपणे, शक्यतांच्या भाषेत, संदर्भांच्या याद्या जोडून लिहीत होतो आणि तो बिचारा सभ्यपणे नव्या भट्टीचं टाळत होता. ना आम्ही काही मागितलं होतं, ना त्यानं नाही म्हटलं होतं.

"एक शिफ्ट," गॅरी म्हणाला. "माझी माणसं कुरकुर करतील. करू देत."

त्यांनी केलीच. मी हेल्मेट घालून वरच्या काचेच्या केबिनमध्ये उभी होते, जिथून सगळी लाइन चालवतात. लाइन मोकळी दिसली आणि त्यावर स्लॅब नसला की त्या लोकांना चैन पडत नाही. रिकामी लाइन म्हणजे बुडालेलं काम. बटणापाशी बसलेला ऑपरेटर दर वेळी मागे वळून माझ्याकडे बघायचा, नाऊ? मी मान हलवायचे, नाही. अजून नाही. आधीचा स्लॅब रोलरमधून पार झाला. लाइन पूर्ण मोकळी.

"नाऊ," मी म्हटलं.

दार वर गेलं. काचेआडूनही चेहऱ्याला धग लागली. स्लॅब बाहेर आला तो थांबलाच नाही, सरळ फवाऱ्याखाली गेला. स्फोट झाल्यासारखी वाफ उठली. वाफेत काळे तुकडे उडताना दिसले. पलीकडून स्लॅब निघाला तो नारिंगी, नितळ, कुठेही काळा ठिपका नाही. मी ओरडले. काय ओरडले ते मराठीत होतं, म्हणून कोणाला कळलं नाही. ऑपरेटरनं आपला हेडफोन काढला आणि म्हणाला, "हं." कुरकुर करणाऱ्या माणसाचा 'हं' किती मोलाचा असतो, ते कारखान्यात काम केलेल्यालाच कळेल.

दुसऱ्या दिवशी थंड झालेला पत्रा उलगडून तपासणीला लावला. मधला सगळा भाग आरशासारखा. दोन्ही कडांना मात्र डागांची बारीक रेघ. कडा लवकर थंड होतात, तिथला थर फवाऱ्याआधीच थिजला होता. गॅरीनं वाकून कडेवरून बोट फिरवलं.

"कडा," तो म्हणाला.

"कडा," मी म्हटलं. "मला आणखी एक शिफ्ट द्या. या वेळी स्लॅब भट्टीपासून फवाऱ्यापर्यंत जास्त वेगानं न्या."

"मंगळवारी?"

"मंगळवारी."

आमचं आतापर्यंतचं हे सगळ्यांत छोटं बोलणं. मंगळवारनंतर कडांची रेघ जवळजवळ गेली, आणि तीच पद्धत आता तिथे सिलिकॉनच्या दुसऱ्या एका पोलादाला वापरतात. आता मी स्वतः कारखान्यांसाठीच काम करते आणि नव्या पीएचडीवाल्यांच्या ईमेल मला येतात. लांबलचक, सभ्य, शक्यतांनी भरलेल्या. मी शेवटपर्यंत वाचते आणि एकच ओळ लिहून परत पाठवते: तुम्हाला माझ्याकडून नेमकं काय हवंय? बहुतेकांना ते सांगायला आठवडा लागतो.